आमच्या अंदमानातील वाऱ्याची फुले

शेफिल्डला आम्ही घर घेतले ते 1975 साली. घर बेताचेच होते. पण मागे बाग होती, आणि गिरगावातल्या दोन खोल्यांतून आलेल्या माणसांना तेवढी बाग म्हणजे जहागीरच वाटली. या जहागिरीत एक कोपरा मात्र असा निघाला की त्याला आमच्या घरात 'अंदमान' हे नाव पडले. एका अंगाला पुरुषभर उंचीची दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला ओकचे जुने झाड आणि तोंड नेमके उत्तरेला. (ओक म्हटले की आम्हाला पहिली काही वर्षे झाड न आठवता चाळीतले ओकच आठवत!) हिवाळ्यात या देशी सूर्य इतका खालून जातो की तो आमच्या छपराआडच राही. उन्हाळ्यात तो वर येई, तर ओक आपली पानांची छत्री उघडून उभा. त्या कोपऱ्यात मी गुलाब पाठविला, शेवंती पाठविली, एकदा तर मोठ्या आशेने कोथिंबीरही पाठविली. जन्मठेपेच्या कैद्यांसारखी जी गेली ती गेलीच.

खरे सांगायचे तर आम्हीही फारसा जीव टाकून काही लावीत नव्हतो. आमच्या ह्यांना पोलादाच्या कारखान्यात नोकरी होती. पाच वर्षे झाली की परत येऊ, असे सासूबाईंना सांगून आम्ही विमानात बसलो होतो. पाच वर्षांच्या बोलीवर आलेला माणूस झाडे कशाला लावील? आम्ही आपली हंगामी फुले लावीत असू. यंदा लावली, यंदा फुलली, संपली. पाचाची आठ वर्षे केव्हा झाली ते मात्र कळले नाही.

भिंतीपलीकडे एक बाई राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या घरातल्या आणि एकट्या. शेफिल्डमध्ये बसच्या कंडक्टरपासून वाण्यापर्यंत सगळे सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात, आणि पहिले सहा महिने मला त्याने फार अवघडल्यासारखे होई. पण या बाईंच्या तोंडी तो शब्द अगदी आपल्या 'बाळे'सारखा वाटायचा. 1983 च्या एप्रिलमध्ये, पाडव्याच्या आगेमागे, मी भिंतीशी उभी राहून माझ्या मेलेल्या गुलाबाकडे पाहत होते. पलीकडून त्या म्हणाल्या, "लव्ह, इतकी वर्षे शेजारी राहतेस, कधी या बाजूला डोकावलीस का?"

मी एका बादलीवर उभी राहून डोकावले. त्यांच्या बागेचाही तो कोपरा आमच्यासारखाच, त्याच ओकच्या सावलीतला. पण तिथे जमीन दिसत नव्हती. वीतभर उंचीच्या, दोऱ्याएवढ्या बारीक देठांवर पांढरी फुले, शेकडो. पाकळीच्या आतून शुभ्र, पाठीमागून किंचित गुलाबी, आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. वारा आला की सगळी मिळून एका बाजूला कलायची आणि पुन्हा उभी राहायची. मी पाहत होते तोच सूर्यावर ढग आला, आणि दहा-पंधरा मिनिटांत त्या फुलांनी पाकळ्या मिटून माना खाली घातल्या. बाई म्हणाल्या, "आता ती झोपली. ऊन आले की उठतील."

हेच ते 'वुड ॲनिमोनी'. वनस्पतिशास्त्रात 'ॲनिमोनी नेमोरोसा'. लिनियसने 1753 च्या आपल्या ग्रंथात याच नावाने त्याची नोंद केली. ग्रीक भाषेत 'ॲनिमोस' म्हणजे वारा, आणि लॅटिनमधले 'नेमोरोसा' म्हणजे राईतले, वनातले. इंग्रजांत त्याला 'विंडफ्लॉवर' असेही नाव आहे, म्हणून मी त्याला वाऱ्याचे फूल म्हणते. खेड्यापाड्यांतली नावे याहून मजेची आहेत. मिटून मान टाकलेल्या फुलावरून कोणी त्याला 'आजीची रात्रीची टोपी' म्हणतात. पाने चुरगळली तर उग्र, जनावरासारखा वास येतो, म्हणून कोणी त्यात कोल्ह्याला ओढतात. संध्याकाळी पाकळ्या मिटतात त्या आत झोपलेल्या पऱ्यांवर पडदा ओढण्यासाठी, अशीही एक समजूत आहे. पावसात पराग भिजू नये एवढाच त्यातला व्यवहार असावा. पण मुलांना सांगताना मी पऱ्यांचीच बाजू घेत असे.

आपल्याकडे हे फूल नाही. पण त्याचे गणगोत आहे. पावसाळा सरता सरता सह्याद्रीच्या वाटांवर कुंपणांवर आणि झुडपांवर पांढऱ्या फुलांनी लदलेली मोरवेल तुम्ही पाहिली असेल. ती याच कुळातली. दोघींची एक खोड सारखी आहे: खऱ्या पाकळ्या दोघींनाही नाहीत. इतर फुलांत कळीभोवती जे हिरवे आवरण असते, तेच येथे पांढरे होऊन पाकळ्यांचे काम करते. मोरवेलीला ते चार दलांचे, तर ॲनिमोनीला बहुधा सहा किंवा सात. मधही या फुलात नाही. माशा आणि मधमाश्या येतात त्या केवळ परागासाठी.

त्या दिवशी बाईंनी मला जे सांगितले ते ऐकून मला माझ्या अंदमानाचा हिशेब प्रथमच कळला. हिवाळ्यात तिथे ऊन नाही, उन्हाळ्यातही नाही. हे आम्हाला ठाऊक होते. पण मधे मार्च ते मेच्या मध्यापर्यंत असे आठ-दहा आठवडे येतात की सूर्य छपराच्या वर चढलेला असतो आणि ओकला अजून पान फुटलेले नसते. ओक तर पालवीच्या बाबतीत मोठा आळशी. तेवढ्या आठवड्यांत त्या कोपऱ्यात लख्ख ऊन असते, आणि आम्ही ते कधी पाहिलेच नव्हते! ॲनिमोनीचा सगळा संसार त्या आठ-दहा आठवड्यांचा. वर यायचे, फुलायचे, पानांनी उन्हातून वर्षाची शिधासामग्री कमवायची, ती जमिनीखालच्या गाठोड्यात भरायची, आणि ओकची छत्री उघडली की पिवळे पडून गडप व्हायचे. जुलैत तिथे गेलात तर पानाचा मागमूस नाही. वर्षातले सात-आठ महिने हे झाड कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

माझ्या आजोळी भुईचाफा होता. चैत्र-वैशाखाच्या करपलेल्या जमिनीतून, ना देठ ना पान, एकदम जांभळट पांढरे फूल वर येई. मग पावसाळाभर पाने, आणि थंडी पडली की सगळे नाहीसे. कोणी चुकून कुदळ मारू नये म्हणून आजीने त्याभोवती दगडांचे कडे करून ठेवले होते. बाईंना मी ते सांगितले तेव्हा त्यांना फार आनंद झाला. "तुझ्या आजीला हे फूल समजावून सांगावे लागले नसते," असे त्या म्हणाल्या.

आता लावण्याविषयी. ज्यांची मुले-लेकी इंग्लंडात किंवा युरोपच्या थंड भागात आहेत, त्यांनी हा मजकूर त्यांना जरूर कळवावा. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी मात्र कंद मागविण्याच्या फंदात पडू नये. याला कडक थंडी लागते. आपल्या उकाड्यात ते टिकणार नाही.

पहिली चूक मी लगेचच केली. बाईंकडे मागायचा संकोच वाटला, म्हणून त्याच शरद ऋतूत एका दुकानातून पाकीट आणले. आत लाकडाच्या भुशात ठेवलेल्या, खडखडीत वाळलेल्या दहा काड्या. विझलेल्या उदबत्त्यांसारख्या. पाकिटावरचे चित्र पाहून मी त्या पुरल्या, आणि पुढच्या वसंतात दहांतली एकसुद्धा वर आली नाही. या झाडाला कांद्यासारखा गोल कंद नसतो. जमिनीलगत आडवे पसरणारे, काडीसारखे बारीक, तपकिरी, ठिसूळ खोड असते, आणि ते महिनोन्‌महिने कोरडे ठेवलेले त्याला सोसत नाही. तेव्हा घ्यायचे तर ओलसर शेवाळात बांधलेले घ्यावे, नाहीतर वसंतात कुंडीत वाढलेले रोपच आणावे. सुके मिळाले असेल तर निदान रात्रभर पाण्यात ठेवून मग लावावे. आशा बेताचीच ठेवावी.

बाईंना हे कळले तेव्हा त्यांनी मला चांगले रागे भरले. 1984 च्या जूनमध्ये, पाने पिवळी पडू लागताच, त्यांनी ओल्या वर्तमानपत्राचे एक पुडके भिंतीवरून दिले. लावण्याची रीतही भिंतीवरूनच सांगितली. जमीन खूप खोल खणायची नाही. वरच्या थरात कुजलेल्या पानांचे खत मिसळायचे. काड्या आडव्या ठेवायच्या, दोन बोटे खोल, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. वरची बाजू कोणती हे न कळल्यास चिंता करायची नाही. ते तिला कळते. पाणी घालून ओल धरायची, पण चिखल करायचा नाही. आणि मग विसरून जायचे.

या लागवडीत खरे महत्त्व असेल तर ते पानांच्या खताला. वनात दरवर्षी पाने पडतात, कुजतात, आणि त्या मऊ थरात ही खोडे सरपटत पुढे जातात. बागेत आपण पाने झाडून टाकतो आणि वर म्हणतो की रानातले झाड बागेत येत नाही! ओकची पाने पडू लागतात ती आपल्या दिवाळीच्या दिवसांत. इकडे फराळाचे डबे भरायचे आणि तिकडे पाने भरायची, असा माझा गेल्या चाळीस वर्षांचा शिरस्ता आहे. पाने थोडी ओली करून पिशवीत दाबून भरावी, पिशवीला चार-दोन भोके पाडावी, आणि ती एखाद्या कोपऱ्यात दोन वर्षे ठेवून द्यावी. उघडाल तेव्हा आत चहाच्या चोथ्यासारखे काळे, भुसभुशीत, पावसाळी मातीचा वास येणारे खत तयार असते. ते शरदात बोटभर जाडीने पसरायचे, की झाले. दुसरे खत लागत नाही. फेब्रुवारीनंतर मात्र तिथे दाताळे फिरवू नये. कोंब वाकलेल्या माना घेऊन वर येत असतात आणि स्पर्शासरशी मोडतात.

एक सूचना घरात लहान मुले किंवा कुत्री-मांजरे असणाऱ्यांसाठी. हे झाड सगळे विषारी आहे. रस लागला तर कातडीची आग होते, क्वचित फोडही येतात. हातमोजे घालावे, नाहीतर काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावे. आमच्या मुलीला मी पहिल्याच वर्षी बजावले होते की ही फुले पाहायची आहेत, तोडायची नाहीत. तोडून उपयोगही नसतो. पेल्यात ती लवकरच माना टाकतात.

पुडके लावल्यानंतर बाईंनी एक गंमत केली होती. छपरावरून पडलेली एक दगडी पाटी त्यांनी माझ्याकडून ओकच्या मुळाशी, शेवटच्या काडीला लागून, उभी पुरून घेतली. "येथून मोज," त्या म्हणाल्या. "हे झाड शंभर वर्षांत सहा फूट चालते."

मला वाटले, बाई थट्टा करताहेत. पण ते खरे होते. या झाडाला इंग्लंडात रुजणारे बी फार थोडे धरते, आणि मुंग्या ते नेतात तेही चार पावलांपलीकडे नाही. बाकी सगळी वाढ त्या आडव्या खोडाची. म्हणून शंभर वर्षांत सहा फूट, असा रानातला हिशेब इकडे सांगतात. यामुळेच वनांचे अभ्यासक या फुलाकडे साक्षीदार म्हणून पाहतात. 1600 सालापासून जिथे अखंड झाडी आहे त्या वनाला इंग्लंडात 'प्राचीन वन' म्हणतात. एखाद्या झाडीत ॲनिमोनीचे पसरट गालिचे आढळले, तर ती झाडी बहुधा जुनी, नांगर न लागलेली, असे अनुमान निघते. ऑलिव्हर रॅकहॅम या केंब्रिजच्या विद्वानाने कागदपत्रे आणि जमिनीवरच्या खुणा जुळवून या वनांचा इतिहास उलगडला; 1980 साली त्याचा 'एन्शंट वुडलंड' हा ग्रंथ निघाला.

शेफिल्डच्या दक्षिणेला असे एक वन आहे, एक्लसॉल वुड्स. पोलादाच्या शहराला लागून एवढे वन शिल्लक कसे राहिले, याचे आम्हाला नवल वाटे. उत्तर असे की ते कारखान्यांमुळेच राहिले. जुन्या काळी लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा लागे, शिशाच्या भट्ट्यांना वाळवलेले लाकूड लागे. त्यासाठी झाड मुळासकट उपटून चालत नसे. बुंध्याशी तोडायचे, फुटवे येऊ द्यायचे, काही वर्षांनी पुन्हा तोडायचे. तोड झाली की जमिनीवर ऊन येई, आणि पुढच्या वसंतात ॲनिमोनी भरभरून फुले. लाकूड वाळविण्याचे खड्डे अजून त्या वनात दिसतात. तिथे एक दगडही आहे. जॉर्ज यार्डली नावाचा कोळसेवाला 11 ऑक्टोबर 1786 या दिवशी आपल्या झोपडीत तिथे जळून मेला, त्याची ती आठवण. तेव्हा पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई चालू होती. पुढे 1927 साली शेफिल्डच्या नगरपालिकेने ते वन विकत घेतले, म्हणून आम्हा सगळ्यांना तिथे फिरता येते.

आम्ही दोघे दरवर्षी एप्रिलमध्ये एका रविवारी तिकडे जात असू. ह्यांना फुलांपेक्षा हिशेबाची आवड. एकदा त्यांनी एका सलग पुंजक्याची रुंदी पावलांनी मोजली, ती भरली तीस फूट. "मधून दोन्हीकडे पंधरा-पंधरा फूट," ते म्हणाले, "म्हणजे अडीचशे वर्षे. यार्डलीने ही फुले पाहिलेली असणार." एरवी पोलादाशिवाय कशाविषयी न बोलणारा हा गृहस्थ त्या दिवशी घरी येईपर्यंत गप्प होता. अर्थात रानातून काडीही उचलायची नाही; जमीनमालकाच्या परवानगीवाचून रानटी रोप उपटणे 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि याच गृहस्थाने माझ्या ॲनिमोनीवर कुदळ चालवली! 1985 च्या जुलैत मी चार आठवडे मुंबईला गेले होते. परत आले तर हे दारातच उभे, चेहऱ्यावर मोठे रहस्य. "अंदमान बघ जाऊन," म्हणाले. मी गेले. कोपरा स्वच्छ खणलेला, सऱ्या ओढलेल्या आणि त्यात बटाटे लावलेले. "मुळ्यांचा काय कचरा निघाला म्हणतेस! अर्धा तर पलीकडच्या भिंतीशी नेऊन टाकला." रिकामी दिसलेली जमीन त्यांनी माझ्यासाठी कसून ठेवली होती. ओकच्या मुळांशी कुदळ चालेना, म्हणून पाटीजवळचा एक पुंजका तेवढा वाचला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. बाईंकडे जाऊन मात्र मनसोक्त रडले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "वाट पाहा."

बटाटे सुपारीएवढे निघाले. आणि 1986 च्या एप्रिलमध्ये, बटाट्यांच्या सऱ्यांप्रमाणे ओळीने, शाळेतली मुले रांगेत उभी करावी तशी ॲनिमोनी वर आली! कुदळीने तुटलेल्या प्रत्येक तुकड्यावर जिथे डोळा होता तिथून कोंब फुटला होता. भिंतीशी टाकलेल्या ढिगातूनही फुले आली. पुढे मला कळले की ठिसूळ खोडाचा हा गुणच आहे. आता मी दर चार-पाच वर्षांनी, पाने पिवळी पडताना, मुद्दाम एखादा गड्डा उचलून बोटाएवढे तुकडे करते आणि दुसरीकडे लावते. त्या वर्षापासून ह्यांनी बागेचा सगळा नकाशा कागदावर काढून स्वयंपाकघरात टांगला. अंदमानाच्या जागी लाल शाईने लिहिले, 'येथे आहेत'.

ॲनिमोनी गेल्यावर जमीन उघडी दिसू नये म्हणून त्यांच्यामध्ये नेचे आणि होस्टा लावावे. यांची पाने नेमकी मेमध्ये उघडतात, म्हणजे एकाचे आवरले की दुसऱ्याचे मांडता येते. आयव्हीला मात्र जवळ फिरकू देऊ नये. ती सगळे गिळते.

जाती पुष्कळ आहेत, आणि इंग्रज माणूस एकदा यांच्या नादी लागला की त्याचे आपल्या शेवंतीवाल्यांसारखे होते. मी मोजक्याच ठेवल्या. 'रॉबिन्सोनियाना' ही फिक्या निळसर जांभळ्या रंगाची. 1838 साली आयर्लंडात जन्मलेला विल्यम रॉबिन्सन हा मोठा भांडखोर माळी. व्हिक्टोरिया राणीच्या काळी बागेत रंगीत फुलांचे गालिचे दर हंगामाला अंथरायचे आणि उपटायचे, अशी पद्धत होती; तिच्यावर त्याने शस्त्र उपसले. झाडे त्यांना मानवेल तिथे लावा आणि त्यांना नांदू द्या, असे त्याने 1870 च्या 'द वाइल्ड गार्डन' या पुस्तकात सांगितले. त्याच सुमारास हा निळसर ॲनिमोनी त्याच्या दृष्टीस पडला तो ऑक्सफर्डच्या वनस्पती-उद्यानात. 'ॲलेनाय' ही त्याहून मोठ्या फुलाची, पाठीमागून गडद. सॉमरसेटमधल्या जेम्स ॲलनच्या नावाची. 'व्हेस्टल' ही पांढरी, मध्ये गच्च गोंडा असलेली, आणि इतरांहून जास्त दिवस टिकणारी. पण कोणी मला एकच लावायला सांगितले तर मी रानातली साधी पांढरीच लावीन.

बाई 1994 च्या हिवाळ्यात गेल्या. पलीकडच्या बागेत नव्या माणसांनी फरसबंदी केली आणि तिकडची फुले संपली. 2016 साली आमचे हेही गेले. त्यांनी भिंतीशी टाकलेल्या 'कचऱ्या'चा आता चांगला पाच फुटी पट्टा झाला आहे, आणि दरवर्षी सर्वांत आधी तोच फुलतो. गेल्या एप्रिलमध्ये मी पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसले आणि बाईंच्या पाटीपासून मोजले. तीन फूट दोन इंच. बागेतली जमीन रानापेक्षा मऊ, शिवाय दरवर्षी पानांचे खत. एरवी एवढे झाले नसते.

गुडघ्यांवर बसले खरी, पण उठताना मुलीला हाक मारावी लागली. तिने त्याच दिवशी मनातले बोलून दाखविले. "आई, आता हे घर तुला झेपत नाही." तिच्या घराजवळ एक लहान फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, उत्तरेला सज्जा आहे. मी फार वाद घातला नाही. घर विकायला काढले.

घर पाहायला माणसे आली ती ऑगस्टमध्ये. एक तरुण जोडपे, चार वर्षांची मुलगी. घर त्यांना आवडले. बागेत आल्यावर तो तरुण अंदमानात उभा राहिला, पायाने माती चाचपली आणि बायकोला म्हणाला, "इथे काहीच नाही. सिमेंट घालून सायकलींची शेड करता येईल." मी जवळच उभी होते. ऑगस्टमध्ये तिथे नेचे होते, खाली काळी माती होती, आणि ती दगडी पाटी. काय दाखवणार? त्यांनी घराचे पैसे मोजायचे, मग जमीन त्यांची. आपले काही म्हणणे असेल तर ते किती म्हणावे, याचा मला त्या क्षणी अंदाजच येईना.

मग मी त्यांना चहाला आत बोलावले आणि स्वयंपाकघरातला नकाशा दाखविला. लाल शाईच्या मराठी अक्षरांचा अर्थ त्या लहान मुलीने विचारला. मी सांगितला. 'काय आहे?' असे तिने विचारले तेव्हा पऱ्यांपासून सुरुवात करावी लागली. विषाचेही सांगितले, तिच्या आईला ते आधी सांगणे भागच होते. तो तरुण भला होता. मी एवढेच मागितले की एप्रिल संपेपर्यंत तिथे कुदळ लावू नका, मग तुमची मर्जी. त्याने बायकोकडे पाहिले आणि "ठीक आहे" म्हणाला. लिहून काही घेतलेले नाही. अशा गोष्टी लिहून घेता येत नाहीत.

तरीही मी सप्टेंबरमध्ये, नेच्यांच्या मुळांशी हाताने चाचपडत, भिंतीजवळच्या पट्ट्यातून तीन मूठ काड्या काढल्या. दोन मुठी मंडळातल्या दोघी मैत्रिणींना दिल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. तिसरी एका पसरट कुंडीत लावली आहे, मुलीकडच्या उत्तरेच्या सज्जासाठी. कुंडीतही ही येतात. फक्त उन्हाळ्यात, झाड दिसत नसले तरी, माती पूर्ण कोरडी होऊ द्यायची नाही. मुलीने फोनवर तशी आठवण लावून घेतली आहे.

घर सोडायचे डिसेंबरात. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मी पाने भरीत असेन. दोन वर्षांपूर्वीची पिशवी तयार आहे, ती अंदमानात पसरून टाकीन. यंदाची पिशवी भरून, भोके पाडून, ओकच्या मागे ठेवणार आहे. तिच्यावर चिठ्ठी बांधली आहे, इंग्रजीत: दोन वर्षांनी उघडावी.